अंगठ्याला कळलेलं

जिंतूरला स्टॅंडच्या मागं माझं दुकान.
दोन खुर्च्या, एक आरसा, वरच्या कोपऱ्यात तडा.
सोमवारी बंद असतंय.
पण टीम हरली की गर्दी सोमवारीच.
दाढी कुणालाच करायची नसती.
अर्ध्या शटरखालून वाकून आत येतेत
अन् बाकड्यावर टेकायच्या आधीच सुरू :

"सहाव्या इनिंगलाच काढायला पाहिजे होतं त्याला."
उत्तरेश्वरचं मेडिकल हाय,
म्हणून दुखण्यावर पहिला हक्क त्याचा.
"काढून घालायचं कुणाला? तुझ्या मेव्हण्याला?"
लिंबाजी कंडक्टर, दीडच्या गाडीवरून थेट आलेला,
पैशाची पिशवी अजून काखेत.
"गयासचा घोटा मुरगळलेला,
तिसरा पिचर गेला नांदेडला पोलीस भरतीला,
अन् कॅचरचा अंगठा सुजून वांगं!
ही टीम हाय का सरकारी दवाखाना?"

"मॅनेजमेंट," खलील टेलर म्हणतो,
अन् पुढं काहीच म्हणत नाही.
एकशे बेचाळीस बॉल टाकले मुंजाजीनं.
खलीलनं खडूनं रेघा मारल्यात मैदानाच्या ओट्यावर,
पाचापाचाच्या जुड्या.
कुणाला पटत नसंल तर जाऊन मोजावं.

मग पुंडगे सर निघतेत.
सरांची टोपी, सरांची शिट्टी,
शॉर्टस्टॉपला उभा केलेला सरांचा भाचा,
ज्याच्या दोन पायांतून बॉल जातोय
फाटक उघडं दिसलेल्या म्हशीसारखा, निवांत.
पण एवढंच कुणी बाहेरचा बोलला
तर हीच माणसं अंगावर येतील.
क्रिकेट काय, गावोगाव हाय.
बेसबॉल आपल्याकडं सरांनीच आणला,
एका ग्लोव्हवर, तोही डाव्या अंगठ्यापाशी उसवलेला.

मी आपला वस्तऱ्याला पट्टा दाखवतो.
मला कुणी विचारत नाही.

गुरुवारी रात्री, दुकान झाडताना
मुंजाजी आलता.
"काका, जरा खांदा बघा."
तेल कोमट केलं.
खांद्याच्या मागं, पाकाच्या वरच्या कडेला
अंगठ्याखाली काहीतरी सरकलं,
भिजवलेल्या हरभऱ्याएवढं.
त्यानं श्वास धरला.
"दुखतंय?"
"नाही."
पंचवीस वर्षं माणसांची डोकी अन् खांदे हातात घ्यायलोय.
'नाही' कोणत्या जागेवरून येतंय, कळतंय मला.
पण परवा परभणीशी मॅच होती.
मी अंगठा काढून घेतला,
वरवर हात फिरवला,
म्हणलं, जा, काही नाही, ताण हाय.
पैसे घेतले नाहीत.

"...अन् मालिश कुणी केली म्हणं त्याची?"
हे उत्तरेश्वर असंच, हवेत विचारतो.
मी पाण्याचा फवारा मारतो,
रिकाम्या खुर्चीवर.

तेवढ्यात शटर वाजतं.
वाकताना त्यानं डावा हात टेकवला,
हे सगळ्यांनी पाहिलं.
लिंबाजीनं पट्कन डिझेलच्या भावाचं काढलं.
"कटिंग," मुंजाजी म्हणला अन् बसला.
कापड मी बांधलं. एरवी तो स्वतःच
हात मागं नेऊन गाठ मारतोय.

आरशात बघूनच बोलला, तड्याच्या खालून :
"सर आलते माउंडवर. बॉल मागितला त्यांनी.
मीच दिला नाही."

पंखा तेवढा बोलत राहिला.
मग उत्तरेश्वर : "म्हंजी चूक तुझी."
खलील हसला. मुंजाजीपण हसला, अर्धा,
उजवीकडचं हसू मध्येच थांबवून.
"चूक कसली, औंदा फिल्डिंगच नव्हती आपली,"
लिंबाजीनं डिझेल सोडून दिलं,
अन् पुन्हा भाचा, पुन्हा म्हैस,
पुन्हा सहावी इनिंग.

मी मानेवरनं ब्रश फिरवला.
डाव्या खांद्यावर जोरात झटकला.
उजव्या खांद्यावरचे केस
फुंकरीनं उडवले.